ब्रेट हार्ट पैलवान होता की नट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा शाळेकडून मॅटवर खेळतो, मोबाइलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या नव्वदच्या दशकातल्या लढती बघतो आणि ब्रेट हार्टसारखा पैलवान दुसरा झाला नाही असं छातीठोकपणे सांगतो. तुमच्या मते ते सगळं ठरवून केलेलं नाटक. तर ब्रेट खरा पैलवान होता का, त्याला लोक एवढं का मानतात, मोंट्रियलला त्याच्यासोबत काय झालं आणि मुलाला यातलं काय दाखवावं?

मी तालमीत वाढलेला, पुढे मॅटवर मुलं तयार करणारा आणि अधूनमधून पंच म्हणून उभा राहणारा माणूस. त्यामुळे हे उत्तर चाहत्याचं नाही. कुठलीही लढत बघताना मी आधी पाय बघतो, मग हात, चेहरा सगळ्यात शेवटी.

निकाल ठरलेला असतो, यात वाद नाही. कोण जिंकणार आणि शेवट कोणत्या डावावर होणार हे कंपनी सांगते. मधली पंधरा-वीस मिनिटं दोघांनी मिळून जुळवायची असतात आणि ब्रेटच्या काळात त्यातलं बरंचसं रिंगमध्येच, एकमेकांच्या कानात बोलून जुळायचं. हेडलॉक लावून दोघे खाली बसले की बघणाऱ्याला वाटतं दम खातायत. तेवढ्यात पुढचे दोन-तीन डाव सांगून झालेले असतात. वेळ किती उरला ते रेफरी हळूच सांगून जातो. पडणं मात्र खरं. रिंगच्या तळाला लोखंडी चौकट, तिच्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि ताणलेला कॅनव्हास. आपल्या हौद्यातली माती याच्यापुढे गादी म्हणायची. त्यावर पाठीवर आपटायचं, उठून गाडीत बसायचं, पुढच्या गावात परत आपटायचं. ऐंशीच्या दशकात हे लोक वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस घराबाहेर असत.

तालमीत मी समोरच्याचा तोल मोडायला शिकवतो. तिकडे समोरचा स्वतःहून आपला तोल, आपली मान तुमच्या हातात देतो. त्याला उचलून असा आपटायचा की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या तोंडून ‘आई गं’ निघावं, आणि आपटलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर असावा. हे कसब मोजायचं ठरवलं तर ब्रेट हार्ट पहिल्या रांगेत नाही, सगळ्यांच्या पुढे बसतो. आपल्या हातून एकही जोडीदार गंभीर जखमी झाला नाही, हे तो आपल्या किताबांपेक्षा जास्त अभिमानाने सांगत आला आहे. त्याचं स्वतःचं काय झालं ते पुढे येईलच.

आता खरा पैलवान होता का ते. होता. 2 जुलै 1957 ला कॅनडातल्या कॅल्गरी शहरात तो जन्मला, बारा भावंडांतला आठवा. बाप स्टू हार्ट स्वतः हौशी कुस्तीतला 1940 चा कॅनडाचा राष्ट्रीय विजेता. ऑलिंपिकचं स्वप्न महायुद्धाने खाल्लं. मग तो धंदेवाईक कुस्तीत शिरला, न्यूयॉर्कच्या हेलनशी लग्न केलं आणि 1948 मध्ये स्वतःची कुस्ती कंपनी काढली. पुढे तिचं नाव ‘स्टॅम्पीड रेसलिंग’ झालं. कॅल्गरीच्या टेकडीवर त्यांचं मोठं विटांचं घर होतं आणि त्याच्या तळघरात तालीम. लाकडी भिंती, बुटकं छत, जमिनीवर पातळ मॅट. पैलवान त्या खोलीला ‘डंजन’ म्हणत. म्हाताऱ्या स्टूला अंगावर येणाऱ्या धष्टपुष्ट फुटबॉलपटूंना तिथे नेऊन त्यांच्या सांध्यांची परीक्षा घ्यायची भारी हौस. एकदा पकड बसली की पोरं ओरडायची आणि ते ओरडणं वरच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं, असं घरातली सगळी भावंडं सांगतात. तिथल्या पकडी खऱ्या होत्या, जुन्या ‘कॅच’ पद्धतीच्या, जिच्यात समोरच्याला चितपट करण्याबरोबरच सांधा अडकवून हार कबूल करायला लावतात.

घरही अजब. कुस्तीच्या खेळात आणलेलं ‘टेरिबल टेड’ नावाचं अस्वल काही काळ घराच्या ओट्याखाली राहायचं. आइस्क्रीमचे थेंब पायाच्या बोटांवर पाडून ते अस्वलाला चाटू द्यायचो, असं ब्रेट सांगतो. आठही मुलगे कोणत्या ना कोणत्या रूपात कुस्तीच्या धंद्यात गेले आणि चारही मुलींनी पैलवानांशीच लग्नं केली.

ब्रेट शाळेत हौशी कुस्ती खेळला आणि 1974 मध्ये कॅल्गरी शहराचा विजेता झाला. म्हणजे तुमचा मुलगा आज जे करतोय तेच. कॉलेजातही काही काळ खेळला. ओढा मात्र सिनेमा-प्रसारणाकडे होता, घरच्या धंद्यात कायमचं यायचं असं त्याच्या मनात नव्हतं. शिक्षण अर्ध्यावर सुटलं, बापाच्या कंपनीत आधी रेफरी म्हणून उभा राहिला आणि मग तिथेच रुतला. धंद्यातले बारकावे त्याला बापापेक्षा दोन जपानी पैलवानांनी शिकवले: काट्सुजी अडाची, म्हणजे ‘मिस्टर हितो’, आणि काझुओ साकुराडा. पडायचं कसं, श्वास कधी सोडायचा, हनुवटी छातीला कशी लावायची, याचे धडे त्यांच्याकडून. नंतर पोर्तो रिको, जपान, इंग्लंड असं फिरून आला. हिवाळ्यात व्हॅनमध्ये कोंबून कॅल्गरी, एडमंटन, सॅस्काटून, रेजायना असे बर्फातले शेकडो किलोमीटर तुडवायचे, हा त्या काळातला नित्यक्रम. जाता जाता एक: याच स्टॅम्पीड कंपनीत गामा सिंग नावाचा पंजाबी खलनायक प्रेक्षकांच्या शिव्या खात लोकप्रिय झाला. 2017 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच आताचं नाव) किताब जिंकणारा जिंदर महाल त्याच्याच नात्यातला, आणि कॅल्गरीचाच.

1984 मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने स्टूची कंपनी विकत घेतली, आणि ब्रेट तिकडे गेला. तिथे त्याला काउबॉय बनवायचं ठरत होतं. त्याने नकार दिला आणि मेहुणा जिम नाइडहार्टबरोबर जोडी मागितली. ‘हार्ट फाउंडेशन’ ती हीच. गुलाबी-काळा पोशाख, आरशासारखा चष्मा, जो तो रिंगमध्ये जाण्याआधी पहिल्या रांगेतल्या एखाद्या पोराच्या डोळ्यांवर चढवायचा. जोडीने 1987 आणि 1990 मध्ये टॅग टीमचे किताब घेतले. आपल्याकडे केबल आली आणि पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळू लागली तोवर तो एकटा लढायला लागलेला होता.

एकटा मोठा कसा झाला, याला एक व्यावहारिक कारण आहे. तो काळ हल्क होगनसारख्या डोंगरांचा. ब्रेट सहा फूट, जाहीर वजन 235 पौंड, म्हणजे 107 किलोच्या आत-बाहेर. त्या गर्दीत लहानच. पण 1991 मध्ये पैलवानांना स्टेरॉइड पुरवणाऱ्या डॉक्टरवर गुन्हा सिद्ध झाला, कंपनीचा मालक विन्स मॅकमहॉनवर पुढे खटला चालला (1994 मध्ये तो निर्दोष सुटला), आणि फुगवलेल्या देहांकडे लोक संशयाने बघू लागले. अशा वेळी ज्याचं अंग खरं वाटेल आणि काम त्याहून खरं वाटेल असा माणूस मालकाला हवा होता. 12 ऑक्टोबर 1992 ला सॅस्काटूनमध्ये, टीव्हीवर न दाखवलेल्या एका साध्या कार्यक्रमात, ब्रेटने तेव्हाचा विजेता रिक फ्लेअरला हरवून पहिल्यांदा डब्ल्यूडब्ल्यूएफचा जागतिक किताब घेतला. सॅस्काटून हे स्टूचं जन्मगाव.

त्याचं काम समजून घ्यायचं तर दोन-तीन लढती नीट सांगतो, बाकीच्या जंत्रीत अर्थ नाही.

ऑगस्ट 1991, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर ‘मिस्टर परफेक्ट’ कर्ट हेनिग. हेनिगची पाठ आधीच गेलेली होती, मणक्याच्या चकत्या सरकलेल्या. ब्रेटचा हुकमी डाव ‘शार्पशूटर’ नेमका कमरेवर ताण देणारा: समोरच्याच्या दोन पायांमध्ये आपला पाय रोवायचा, त्याचे पाय त्याभोवती गुंतवायचे, त्याला पालथा फिरवायचा आणि मागे झुकून बसायचं. लढत बघा, ब्रेट बसतो तेव्हा वजन स्वतःच्या मांड्यांवर ठेवतो. चेहऱ्यावर सगळा जोर, हेनिगच्या मणक्यावर जवळपास काही नाही. हे एका मिनिटासाठी करून बघायला सांगा कुणाला, मांड्या थरथरायला लागतात.

दुसरी, 29 ऑगस्ट 1992, लंडनचं वेम्बली स्टेडियम, ऐंशी हजारांच्या घरात माणसं. समोर बहिणीचा नवरा डेव्ही बॉय स्मिथ, घरचं मैदान त्याचं, आणि ब्रेटने हरायचं असं ठरलेलं. ब्रेटने नंतर जे सांगितलं त्यानुसार सुरुवातीच्या काही मिनिटांतच डेव्ही ठरलेलं सगळं विसरला. पुढची सगळी लढत ब्रेटने त्याच्या कानात एकेक डाव सांगत ओढून नेली. बघताना हे कळत नाही. डेव्ही त्या रात्री जगातला सगळ्यात ताकदवान माणूस वाटतो. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला एवढं मोठं करणं मी दुसरीकडे क्वचित पाहिलंय. आपल्याकडे तालमीतला मोठा पैलवान नव्या पोराला जोर देतो तेव्हा कधीतरी याची झलक दिसते.

तिसरी, 23 मार्च 1997, शिकागोजवळ, स्टीव्ह ऑस्टिनविरुद्ध. नियम एकच: समोरच्याने तोंडाने हार कबूल करायची. लढत सुरू झाली तेव्हा ब्रेट नायक, ऑस्टिन खलनायक. शेवटी रक्ताने माखलेला ऑस्टिन शार्पशूटरमध्ये अडकलाय, किंचाळतोय, पण हार म्हणत नाही. शुद्ध हरपते तेव्हाच लढत थांबते. ते रक्त ठरवून काढलेलं, कंपनीच्या नियमाविरुद्ध, आणि ते आपणच ब्लेडने काढल्याचं ब्रेटने पुढे मान्य केलं. लढत संपूनही ब्रेट बेशुद्ध माणसाचे पाय सोडत नाही आणि तिथे प्रेक्षक उलटतात. वीस-बावीस मिनिटांत दोघांची बाजू बदलली. 2025 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने या एका लढतीला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये वेगळी जागा दिली.

त्यानंतरचे काही महिने फार गमतीचे होते. ब्रेट अमेरिकेवर टीका करायचा, कॅनडाचा झेंडा मिरवायचा. अमेरिकेत त्याला शिव्या, सीमा ओलांडली की जयजयकार. 6 जुलै 1997 ला कॅल्गरीत हार्ट मंडळी पाच विरुद्ध पाच लढली, स्टू आणि हेलन रिंगजवळ बसलेले, आणि स्टेडियमचा आवाज असा की समालोचकांचं बोलणं बुडत होतं. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीचं टोक हे.

चारच महिन्यांनी मोंट्रियल.

पार्श्वभूमी अशी. 1996 मध्ये ब्रेटने डब्ल्यूडब्ल्यूएफशी वीस वर्षांचा करार केला होता. वर्षभरात मॅकमहॉनने त्याला सांगितलं की हा करार आपल्याला झेपत नाही, प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू देत असेल तर तू तिकडे जा. ब्रेट तयार झाला. अडचण एकच, जागतिक किताबाचा पट्टा त्याच्याकडे होता. 1995 मध्ये एका महिला विजेतीने डब्ल्यूडब्ल्यूएफचा पट्टा विरोधी कंपनीच्या टीव्हीवर थेट कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. मॅकमहॉनला तीच धास्ती. त्याने ब्रेटला सांगितलं, 9 नोव्हेंबर 1997 ला मोंट्रियलमध्ये शॉन मायकल्सकडून हर. ब्रेट म्हणाला, कॅनडात नाही, आणि शॉनकडून तर नाहीच. दोघांत वैर होतं, शिवाय ब्रेटच्या सांगण्यानुसार शॉनने त्याच्या तोंडावर सांगितलं होतं की मी तुझ्यासाठी हरणार नाही. करारात शेवटच्या महिन्यात आपल्या भूमिकेबद्दल बोलण्याचा हक्क ब्रेटला होता. शेवटी ठरलं असं की मोंट्रियलला गोंधळ होऊन लढत निकालाविना सुटेल आणि पट्टा ब्रेट नंतर सोडून देईल.

लढतीत शॉनने ब्रेटचाच शार्पशूटर ब्रेटला लावला. ब्रेट पाय पकडून पलटी करणार, असं ठरलेलं. त्याआधीच रेफरी अर्ल हेबनरने घंटा वाजवण्याची खूण केली आणि रिंगशेजारी उभा मॅकमहॉन ओरडला, घंटा वाजवा. ब्रेटने हार मानलीच नव्हती. हेबनर रिंगमधून पळत थेट गाडीत बसला. ब्रेट मालकाच्या तोंडावर थुंकला, हवेत बोटाने विरोधी कंपनीची अक्षरं काढली, टीव्हीचे मॉनिटर फोडले आणि आत गेल्यावर मॅकमहॉनला ठोसा हाणला. योगायोग म्हणजे ब्रेटवर त्या वर्षी माहितीपट चालू होता, त्यामुळे पडद्यामागचं बरंच काही टिकून राहिलं.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. जाणाऱ्याने जाताना कोणाला तरी मोठं करून जावं, हा त्या धंद्यातला जुना रिवाज आहे, आणि ब्रेटने मोंट्रियलला हरायला हरकत नव्हती असं म्हणणारे लोक अगदीच चूक नाहीत. ब्रेट स्वतःला फार गंभीरपणे घ्यायचा. नायक म्हणून कॅनडाशी आपलं नातं आहे, तिथे आपण हरलो तर लोकांचं काहीतरी मोडेल, असं त्याला खरंच वाटायचं. पण पंच म्हणून मला यातली एक गोष्ट पचत नाही. हेबनरने मुलांची शपथ घेऊन ब्रेटला सांगितलं होतं की मी तुझ्याशी असं करणार नाही, असं ब्रेट सांगतो. शार्पशूटरमध्ये पालथा पडलेला माणूस काही करू शकत नाही. तो विश्वासाने पडलेला असतो. मालकाने फसवणं हा पैशाचा व्यवहार म्हणून सोडून देता येईल, घंटा खोटी वाजवणं नाही.

डब्ल्यूसीडब्ल्यूला त्याचं काय करायचं तेच कळलं नाही, एवढं म्हणून ती दोन वर्षं सोडून देऊ या. मधे मात्र 23 मे 1999 आली. धाकटा भाऊ ओवेन डब्ल्यूडब्ल्यूएफमध्येच राहिला होता. कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनात त्याला छतावरून दोराने खाली सोडायचा स्टंट होता; अंगाला बांधलेल्या पट्ट्याची कडी अवेळी सुटली, आणि तो सत्तर फुटांहून जास्त उंचीवरून रिंगमध्ये पडून गेला. ब्रेट तेव्हा विमानात होता. ज्या घरात पडण्याचं शास्त्र इतकं शिकवलं गेलं, त्या घरातला माणूस लढतीशी काही संबंध नसलेल्या एका करामतीत गेला.

त्याच वर्षी 19 डिसेंबरला डब्ल्यूसीडब्ल्यूच्या लढतीत गोल्डबर्ग या पैलवानाने ब्रेटच्या डोक्यात लाथ मारली. गोल्डबर्ग ताकदीचा, पण कच्चा. लाथेवर ताबा राहिला नाही. ब्रेटला मेंदूला मार बसला आणि तो मार घेऊन तो पुढचे काही आठवडे लढत राहिला, जे सगळ्यात वाईट. आज आमच्याकडे जिल्हा पातळीवरही डोक्याला लागलं तर मुलाला बाहेर काढतात. 2000 मध्ये त्याने निवृत्ती घेतली. जून 2002 मध्ये सायकलवरून पडला आणि पक्षाघाताने डावी बाजू गेली. व्हीलचेअरवरून पुन्हा चालायला शिकला. चळवळ्या माणसाला त्या अवस्थेत मी जवळून पाहिलंय. डाव शिकण्यापेक्षा बोटं हलवायला जास्त जिद्द लागते.

2010 मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईत परतला, मायकल्सशी रिंगमध्येच हात मिळवला, मॅकमहॉनशी एक लढतही झाली. ती लढत म्हणून काही नव्हती, एका अर्धांगातून उठलेल्या माणसाला सांभाळून केलेला हिशेब होता. 2016 मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, त्यातूनही तो बाहेर आला.

मुलाला काय दाखवायचं? वेम्बलीची लढत दाखवा, आवाज बंद करून, आणि फक्त ब्रेटचे पाय बघायला सांगा. मार्च 1994 ची भावाविरुद्धची, ओवेनबरोबरची लढत दाखवा. तिच्या सुरुवातीला मनगट, खांदा, पट यांची जी देवाणघेवाण आहे तिच्यात खरी मॅटवरची कुस्ती बरीच आहे, आणि तुमच्या पोराला त्यातले निदान तीन डाव ओळखता आले पाहिजेत. ऑस्टिनची लढत रक्तामुळे अजून दोन वर्षं राहू द्या.

आणि एक पक्कं सांगा त्याला: डोकं खाली करून माणसाला आपटायचा ‘पाइलड्रायव्हर’ मित्रांवर करून बघायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा. ऑगस्ट 1997 मध्ये ओवेन हार्टने तो ऑस्टिनला लावला, ऑस्टिनचं डोकं गुडघ्यांच्या खाली राहिलं, आणि त्याची मान कायमची अधू झाली. लावणारा डंजनमध्ये वाढलेला होता, घेणाराही कसलेला, आणि दोघांनाही डाव आधीपासून माहीत होता. शार्पशूटर शिकायचाच असेल तर रविवारी सकाळी तालमीत घेऊन या. वजन मांड्यांवर कसं ठेवायचं ते मी दाखवतो.